चौथ्या वर्षाची परीक्षा

पुसेगांव म्हटलें कीं पुष्कळांस सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें साताऱ्याकडील पुसेगांव आठवतें. आज आम्ही लिहीत आहों तें पुसेगांव निराळें. तें मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत आहे, आणि त्या मुलखाचा संसार सोयाबीन, तूर, हरभरा व हळद या पिकांवर चालतो. या भागांत, आणि सगळ्या मराठवाड्यांत, गेल्या कांहीं वर्षांपासून एक नवा मनु सुरू झाला आहे. चार शिकलेले तरुण आणि दहा जुने शेतकरी एकत्र बसले म्हणजे ‘आपलीहि एक कंपनी काढावी’ असा विषय निघतो. केंद्र सरकारनें २९ फेब्रुवारी २०२० रोजीं चित्रकूट येथें दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या योजनेस आरंभ केला, तिच्यासाठीं ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद ठरविली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें भागलपूर येथें दहा हजाराव्या संघटनेचा प्रारंभहि झाला. संख्या पुरी झाली. आतां खरा प्रश्न उरला तो असा कीं, यांपैकीं किती कंपन्या सरकारचा हात सुटल्यावर स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील?

हा प्रश्न आम्ही कुचेष्टेनें विचारीत नाहीं. शेतकऱ्यानें व्यापारांत पडावें, आपल्या मालाचा भाव आपण ठरविण्याइतकें बळ मिळवावें, हें आमचें फार दिवसांचें मागणें आहे. पण ज्या कार्याविषयीं आपुलकी असते त्याच्याच हिशेबाची चौकशी अधिक काटेकोरपणें करावी लागते. या योजनेप्रमाणें एका संघटनेस तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत कारभारखर्च मिळण्याची सोय ठेवली गेली. म्हणजे तीन वर्षेंपर्यंत कारभाऱ्याचा पगार, कचेरीचें भाडें व हिशेबनिसाची फी परभारें भागते. चौथ्या वर्षीं तीं सारीं देणीं कंपनीच्या दारांत येऊन उभीं राहतात. कंपनी ही शेतकऱ्यांची आहे कीं अनुदानाची, याचा निकाल त्या चौथ्या वर्षीं लागतो. आणि त्याची तयारी पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं करावी लागते, एवढेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ सालीं कंपनी कायद्यांत उत्पादक कंपनीचा भाग घालण्यांत आला, आणि २०२० च्या दुरुस्तीनें २०१३ च्या कायद्यांत त्यासाठीं स्वतंत्र प्रकरण झालें. या कायद्याची रचना आमच्या मतें मोठी समंजस आहे. सहकारी संस्थांत सरकारी हात फार लांबवर शिरतो, आणि नेहमींच्या कंपनींत ज्याचें भांडवल मोठें त्याची सत्ता मोठी असते. हे दोन्ही दोष टाळण्याचा येथें यत्न केलेला आहे. ज्या कंपनीचे सभासद व्यक्तिशः शेतकरी आहेत तिच्यांत भाग कितीहि असोत, मत एकच. संचालक पांचांहून कमी नाहींत व पंधरांहून अधिक नाहींत. भाग बाहेरच्या कोणा धनिकास विकतां येत नाहींत. नफ्यांतून राखीव निधि दरसाल बाजूला काढलाच पाहिजे. शिवाय पूर्णवेळ मुख्य कारभारी नेमला पाहिजे, आणि तो सभासदांपैकीं असतां कामा नये. या शेवटच्या कलमांत फार मोठें शहाणपण आहे. धनी कोण व चाकर कोण याचा घोटाळा झाला म्हणजे दुकान बुडतें, हें कोणाहि किराणा दुकानदारास ठाऊक असतें. कायदा लिहिणाऱ्यांसहि तें ठाऊक होतें. परंतु संचालकाच्या पुतण्यास कारभारी नेमून कलमाचीं अक्षरें पाळतां येतात व त्याचा जीव घेतां येतो. आणि तसें करण्यांत आमच्यासारखे हुशार लोक दुसरे नसतील.

आतां व्यापाराच्या हवेकडे वळूं. कारण अशा कंपनीस ज्या वाऱ्यांत उभें राहावयाचें आहे ते वारे गांवच्या शिवेंत जन्मत नाहींत. सोयाबीनचेंच उदाहरण घ्या. २०२१ च्या ऑगस्टांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरांत गेला. त्याच महिन्यांत कोंबड्यांच्या खाद्यासाठीं जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास केंद्र सरकारनें मुभा दिली. नवा माल बाजारांत येतां येतां भाव उतरला. डिसेंबरांत सेबीनें सोयाबीनचे वायदे बंद केले. पुढें २०२४ च्या हंगामांत हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर असतां बाजारांत त्याहून बराच कमी भाव मिळत राहिला. हळदीची गोष्ट उलटी. २०२३ च्या आरंभीं क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास रेंगाळणारी हळद पुढच्या वर्षभरांत दुपटीहून अधिक चढली. ज्यानें मार्चांत विकली तो हळहळला, आणि ज्यानें ठेवली तो शहाणा ठरला. या दोन्ही उलाढालींत सेनगांवच्या शेतकऱ्याचें कर्तृत्व किंवा दोष तिळभरहि नव्हता. पेरणी त्याची, घाम त्याचा; पण भावाची किल्ली दिल्लींत, मुंबईंत आणि समुद्रापलीकडे.

येथेंच पहिला मोह उभा राहतो. २०२३ ची तेजी ज्यांनीं पाहिली त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत असा विचार येतो कीं, कंपनी काढावी, सगळ्यांची हळद एकत्र कोठारांत भरावी, आणि भाव चढला म्हणजे विकावी. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें म्हणतात तें हेंच. असल्या बेतापुढें आम्ही साधें अंकगणित मांडतों.

समजा, कंपनीचे ५०० सभासद आहेत व प्रत्येकानें २,००० रुपये भागभांडवल दिलें. दहा लाख झाले. योजनेंतून तितकेच दहा लाख समभाग-अनुदान मिळालें असें धरूं. एकूण वीस लाख. कोणाहि ग्रामस्थास ही रक्कम मोठी वाटेल. परंतु हळदीचा भाव क्विंटलला १३,००० रुपये धरला तर वीस लाखांत हळद येते किती? सुमारें १५४ क्विंटल. एकरीं वीस क्विंटल वाळली हळद निघते असें मानिलें तर आठ एकरांहूनहि कमी जमिनीचा माल! पांचशें सभासदांची कंपनी, आणि तिच्या तिजोरींत दोनतीन शेतकऱ्यांची हळद घेण्याचें बळ. ती हळद भावाच्या आशेनें सहा महिने ठेवली तर उरलेल्या चारशें सत्त्याण्णव सभासदांनीं काय करावयाचें? ते जातील अडत्याकडे. आणि त्यांत त्यांचा दोष म्हणतां येणार नाहीं. अडत्या अडीअडचणीला, लग्नकार्याला, दवाखान्याला रोख उचल देतो. त्याला शिव्या देणें सोपें आहे. त्याचें काम त्याच्याहून चांगलें करून दाखविणें कठीण.

तेंच वीस लाख रुपये पंधरा दिवसांत मोकळे होतील अशा रीतीनें वापरले, म्हणजे माल घ्यावा, निवडावा, प्रतवारी लावावी, विकावा आणि पुन्हा घ्यावा असा फेरा ठेवला, तर तीन महिन्यांच्या हंगामांत सहा वेळां फिरतील व सव्वानऊशें क्विंटलांचा व्यापार होईल. आतां क्विंटलमागें खर्च वजा जातां ३०० रुपये राहिले असें धरा. मिळकत पावणेतीन लाखांच्या आसपास. कारभाऱ्याचा पगार दरमहा २५,००० रुपये धरला तर वर्षाचे तीन लाख झाले. म्हणजे एवढी धडपड करूनहि एका माणसाचा पगार निघत नाहीं! चौथ्या वर्षाची परीक्षा म्हणतों ती ही. जी कंपनी केवळ हळद घेऊन हळद विकील ती अनुदान संपतांच कुलूप लावील, आणि जी कंपनी हळद साठवून तेजीची वाट पाहील ती कदाचित् त्याच्याहि आधीं लावील.

मग उपाय काय? एक उपाय असा कीं, वर्षाच्या एका हंगामावर न राहतां भांडवल बाराहि महिने फिरतें ठेवावें. या मुलखाचें पीकचक्रच त्यास अनुकूल आहे. सोयाबीन ऑक्टोबरांत निघतो, तूर डिसेंबर-जानेवारींत, हरभरा फेब्रुवारी-मार्चांत, आणि हळद उकडून, वाळवून, घासून मार्चपासून पुढें बाजारास येते. पावसाळ्याच्या तोंडीं बियाणें व खत लागतें. ज्या वीस लाखांनीं हळदींत सहा फेरे घेतले तेच बाकीच्या पिकांत आणखी दहा फेरे घेऊं शकतील. दुसरा उपाय, ज्या कामांत माल विकत घेण्याचें भांडवलच गुंतत नाहीं तीं कामें अंगावर घ्यावीं. हळद शिजविण्याचा बॉयलर, घासून चकचकीत करण्याचें पिंप, धान्य चाळण्याची व प्रतवारीची यंत्रें हीं एकेका शेतकऱ्यास परवडत नाहींत. कंपनीनें तीं ठेवून मजुरीवर चालविलीं तर रोजचा दाम मिळतो व त्यांत भावाची जोखीम नसते.

राहिला तेजीचा प्रश्न. ज्या सभासदास थांबावयाचें आहे त्यानें खुशाल थांबावें. पण स्वतःच्या मालावर व स्वतःच्या जोखमीवर. त्यासाठीं साधनें आहेत. राज्यांत बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालत आलेली आहे. माल गोदामांत ठेवून त्यावर कर्ज मिळतें. गोदामांविषयींच्या २००७ च्या कायद्यानें नोंदणी झालेल्या गोदामाच्या पावतीवर बँकेकडून कर्ज काढण्याची सोय झाली. कंपनीनें सभासदास ही वाट दाखवावी, कागदपत्र करून द्यावे, माल नीट वाळला आहे कीं नाहीं तें तपासून द्यावें, आणि त्याबद्दल आपली वाजवी फी घ्यावी. पण दुसऱ्याच्या पैशानें सट्टा खेळूं नये. नफा झाला तर अध्यक्षांची दूरदृष्टि व तोटा झाला तर बाजाराची लबाडी, असा जमाखर्च ज्या संस्थेंत लिहिला जातो तिचें आयुष्य फार नसतें.

बदलत्या बाजारास तोंड कसें द्यावें याचे धडे आपल्याच प्रांतांत मिळतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला व पुढें लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईना. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. तोंवर कारखाना तग धरून राहिला, कारण कडबा कापण्याच्या यंत्रासारखीं दुसरीं कामें हातांत होतीं. एका मालावर सारी भिस्त न ठेवण्याचें मोल येथें दिसतें. पुढें बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं कुंडलजवळ माळरान दिलें आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. जमीन राजाकडून मिळाली, हें खरें. परंतु राजाश्रयावर नांगर खपले नाहींत. नांगर खपले ते शेतांत चालले म्हणून.

दुसरें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचें. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश आढळल्यामुळें युरोपांत भारतीय द्राक्षें अडकलीं व निर्यातदार आणि बागाईतदार घायकुतीस आले. त्या फटक्यांतून ज्यांनीं मार्ग काढला त्यांत नाशिक जिल्ह्यांतील विलास शिंदे व त्यांचे सहकारी होते. मोहाडी येथें उभी राहिलेली त्यांची सह्याद्रि ही उत्पादक कंपनी आज देशांतल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते, आणि २०२२ सालीं तिच्या उद्योगांत युरोपीय संस्थांनीं ३१० कोटी रुपये गुंतविले. त्यांच्या यशाचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, कोणत्या बागेंत केव्हां काय फवारलें याची नोंद त्यांनीं व्यापाराचें मूळ मानिलें. परका नियम बदलला तर त्याविरुद्ध अर्ज करावा, हें ठीकच. पण तोंवर आपलें दप्तर असें असावें कीं कोणत्याहि नियमास उत्तर देतां यावें.

हिंगोलीच्या हळदीस हा धडा लागू आहे. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. १४ जानेवारी २०२५ रोजीं निजामाबाद येथें राष्ट्रीय हळद मंडळाचें उद्‌घाटन झालें. नांव मिळालें, मंडळ मिळालें. पण खरेदीदार विचारतो तें हळदींतील कुर्कुमिनाचें प्रमाण, ओलाव्याचें प्रमाण व औषधांचा अंश. ज्या कंपनीजवळ प्रत्येक सभासदाच्या वाफ्याची वही आहे तिला या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील. जिच्याजवळ केवळ उद्‌घाटनाचीं छायाचित्रें आहेत तिला मानांकनाचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरता.

येथवर कारभाराचें झालें. आतां सभासदांस दोन शब्द ऐकविणें प्राप्त आहे. व्यापाऱ्यानें क्विंटलला पन्नास रुपये अधिक देऊं केले कीं माल तिकडे, आणि कोणी घेईना झाला कीं कंपनीकडे. अशा वागणुकीनें जगांतील कोणतीहि कंपनी चालणार नाहीं. कायद्यानें यावरहि तोड ठेवली आहे. मालाची कांहीं किंमत लागलीच द्यावी, कांहीं राखून ठेवावी, आणि वर्षाअखेर उरलेल्या नफ्यांतून ज्यानें जितका माल कंपनीस दिला त्या प्रमाणांत त्यास बोनस वाटावा, अशी तरतूद आहे. नियमावलींत तसें लिहिलें असल्यास मताचा अधिकार क्रियाशील सभासदांपुरता ठेवतां येतो. आमची सूचना अशी कीं, या दोन्ही गोष्टी पहिल्याच नियमावलींत लिहून टाकाव्या. मागाहून त्या घालूं म्हटलें तर ज्यांच्यावर त्या लागू व्हावयाच्या त्यांचींच मतें आडवीं येतील.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयीं आमच्या गांवोगांवच्या पुढाऱ्यांस बोलणें नको असतें. हळदीचें काम कोण करतें? लावणीपासून निंदणीपर्यंत आणि काढणीपासून मोडणी-निवडणीपर्यंत बहुतेक हात बायकांचे. सभासदांची यादी उघडून पाहावी, तर नांवें पुरुषांचीं. कारण सातबारा पुरुषाच्या नांवावर आणि सभासद करतांना सातबारा मागण्याची वहिवाट. आम्ही कायद्याच्या पुस्तकांतून ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या पाहावयास सांगतों. प्राथमिक उत्पादनाशीं संबंध असलेलें कोणतेंहि काम करणारा तो उत्पादक, असा तिचा आशय आहे. जमिनीच्या मालकीचा तींत उल्लेख नाहीं. मग ज्या बाईनें पंधरा वर्षें हळद निवडली तिला भाग घेण्यास आडकाठी कसली? हळदीची प्रत हातानें व डोळ्यानें जी ओळखते तिला संचालक मंडळावर बसवावें, यांत उपकाराचा प्रश्न नाहीं. कारखान्यांतील सर्वांत जाणत्या कामगारास सल्ल्याबाहेर ठेवणारा मालक जसा मूर्ख, तशी ती कंपनीहि मूर्खच.

कोणी म्हणेल, हें सारें शेतकऱ्यानें करावें तरी किती? सरकारनें रास्त भाव द्यावा, म्हणजे कंपनीची उठाठेवच नको. रास्त भावाची मागणी आम्हीहि करतों व करीत राहूं; आयातीची मुभा ऐन तोंडावर देऊन शेतकऱ्याच्या हातचा घास काढणें हें राजधर्मास शोभत नाहीं, हेंहि आम्ही स्पष्ट म्हणतों. पण मागणाऱ्याच्या हातीं बळ नसेल तर मागणें भिक्षा ठरतें. पैसाफंडासाठीं दरडोई एकेक पैसा गोळा करणाऱ्यांनीं १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा केला, तेव्हां राज्य परक्यांचें होतें आणि अनुदानाचें स्वप्नहि कोणास पडत नव्हतें. तेव्हां हिंगोलीचा हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. १९४८ च्या १७ सप्टेंबरास ती सत्ता गेली. ज्यांच्या वाडवडिलांनीं तो अंमल झुगारून दिला त्यांच्या नातवंडांस ताळेबंद वाचणें जड जाऊं नये. राजकीय स्वराज्य मतपेटींतून मिळालें. घरच्या मालाचें स्वराज्य वहीखात्यांतून मिळावयाचें आहे.

म्हणून पुसेगांवच्या व आसपासच्या तरुणांस आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. कंपनी काढा. कारभारी नात्यागोत्याबाहेरचा, हिशेब जाणणारा नेमा, आणि त्यास काढण्याचा अधिकार जितका जपाल तितकाच त्याच्या रोजच्या कामांत हात न घालण्याचा नियम जपा. भांडवल महिन्याभराहून अधिक एका मालांत अडकूं देऊं नका. राखीव निधींत कायद्यापुरतें टाकून थांबूं नका. ज्या वर्षीं हळद चढेल त्या वर्षीं दुप्पट टाका, कारण उतरण्याचें वर्ष फार लांब नसतें. दरमहाची जमा, खर्च व शिल्लक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सर्वांस दिसेल अशी लिहा. आणि वार्षिक सभेंत जेवणावळीआधीं एक प्रश्न विचारा: यंदाचें अनुदान वगळून कंपनीस नफा झाला कीं तोटा? पहिल्या वर्षीं उत्तर ‘तोटा’ असेंच येईल, आणि त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या वर्षीं तो तोटा कमी झालेला दिसला पाहिजे, तिसऱ्या वर्षीं नाममात्र उरला पाहिजे. जेथें हा प्रश्न विचारूंच दिला जात नाहीं तेथें सभासदांनीं आपले दोन हजार रुपये गेले असें समजून पुढील निवडणुकीस माणसें बदलण्याची तयारी करावी.

पी हळद आणि हो गोरी, असा प्रकार व्यापारांत नाहीं. नऊ महिने जमिनींत राहिल्याविना हळकुंड भरत नाहीं, आणि उकडून, वाळवून, घासल्याविना त्याला रंग येत नाहीं. हें ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना कंपनीची मशागत शिकवावी लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. शेतांत दाखवितात ती चिकाटी त्यांनीं वहींत दाखवावी, म्हणजे चौथें वर्ष सुखानें पार पडेल.